मांडव घरचा, हात सगळ्यांचे

2023 च्या फेब्रुवारीत आमच्या धाकट्या पुतणीचा निकाह झाला. शनिवार-रविवार असे दोनच दिवसांचे कार्य. हॉल नव्हता, केटरर नव्हता, बँड नव्हता. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, आमच्याच अंगणात मांडव पडला. नवरामुलगा दोन गल्ल्या पलीकडचा. निकाह आमच्या दारात आणि वलीमा त्यांच्या दारात. शनिवारी सकाळी हळद, मगरिबच्या नमाजनंतर निकाह, खजूर आणि सरबत. रविवारी दुपारी वलीम्याचे जेवण. दोन्ही घरे मिळून माणसे एकशे ऐंशी. देग जमातीची, सतरंज्या मदरशाच्या, चूल परसात चर खणून केलेली.

हा बेत पुतणीने आणि तिच्या होणाऱ्या नवऱ्याने आधी आपसांत ठरवला आणि मग घरात सांगितला. ऐकल्याबरोबर आमच्या अम्मी म्हणाल्या, "अरे, लोगां क्या बोलेंगे? थोरलीचं हॉलमध्ये केलं आणि हिचं दारात?"

या प्रश्नात मागची सात वर्षे होती. थोरल्या पुतणीचे लग्न 2016 साली तालुक्याच्या गावी एका हॉलमध्ये झाले. नऊशे पाने उठली. साडेसहा लाख खर्च आला. त्यातले अडीच लाख भाईजाननी पतसंस्थेतून उचलले होते, भाभींचे दागिने गहाण होते. दागिने सुटायला पाच वर्षे लागली. त्यातले दोन तोळे सुटलेच नाहीत. लग्नात कोण काय जेवले हे आज कोणाला आठवत नाही. हप्त्याची तारीख मात्र घरातल्या प्रत्येकाला पाठ होती. धाकटी पुतणी त्या हप्त्यांच्या घरातच मोठी झाली. म्हणून तिचा हट्ट हा हौसेचा नव्हता.

अम्मींना वाटत होते की घरचे लग्न म्हणजे गरिबीचे लग्न. काही तरुण नातेवाइकांना वाटत होते की ही शहरातली नवी टूम आहे. आम्हाला दोन्ही पटेना. म्हणून आम्ही जुनी पुस्तके उघडली, वडीलधाऱ्यांना विचारले. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

मदिनेतले वलीमे

निकाह हा आपल्याकडे करार आहे. दोन्ही बाजूंचा होकार, साक्षीदार आणि मेहर एवढ्यावर तो उभा राहतो. त्यात मांडव, मिरवणूक, पंगत यांपैकी काहीही अट म्हणून नाही. हे आपण सारे जाणतो. पण हदीस-संग्रहांत जी लग्ने नोंदलेली आहेत, त्यांच्याकडे घरगुती कार्य म्हणून आपण फारसे पाहत नाही.

खैबरच्या मोहिमेवरून परतताना, म्हणजे सन 628 मध्ये, प्रेषित मुहम्मद (स.) यांचा हजरत सफिया यांच्याशी विवाह झाला. त्या वलीम्याचा वृत्तांत हजरत अनस यांच्याकडून आलेला आहे. प्रवासात सामान कुठले असणार! ज्याच्याजवळ जे असेल ते त्याने आणावे, असे सांगण्यात आले. चामड्याचे दस्तरखान अंथरले गेले. कोणी खजूर आणले, कोणी सुकवलेल्या दह्याचे खडे, कोणी तूप. ते सारे एकत्र कालवले आणि तोच वलीमा झाला. मांस नव्हते, रोटी नव्हती. यजमान एकटा आणि बाकी सगळे पाहुणे, असा प्रकारही नव्हता. जेवणाऱ्यांनीच जेवण आणले होते.

दुसरा प्रसंग हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांचा. त्यांच्या अंगावर पिवळ्या सुगंधी द्रव्याची खूण दिसली, तेव्हा प्रेषितांनी चौकशी केली. निकाह झाल्याचे त्यांनी सांगितले. प्रेषितांनी दुआ दिली आणि एका बकरीचा का होईना, पण वलीमा करा असे सुचवले. या हदीसमधून एका बकरीचा दाखला सगळे देतात. आम्हाला त्यातली दुसरी गोष्ट मोठी वाटते. प्रेषितांना लग्नाचे आमंत्रण नव्हते. लग्न झाल्याचेही त्यांना नंतर कळले. त्यांनी रुसवा धरल्याचा उल्लेख कुठेही नाही. मानपानाच्या नावाने आपल्या मांडवांत जी भांडणे होतात, ती करताना हे कोणाला आठवत नाही.

तिसरा प्रसंग हजरत अबू उसैद यांच्या लग्नाचा. पाहुण्यांची खातिर त्या दिवशी स्वतः नवरीने केली. तिने रात्री दगडी भांड्यात खजूर भिजत घातले होते, आणि जेवणानंतर त्यांचे पाणी तिने प्रेषितांना प्यायला दिले. इमाम बुखारींनी हा वृत्तांत निकाहच्या प्रकरणात नोंदला आहे. या प्रसंगाकडे आम्ही पुढे पुन्हा येऊ.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वलीमा ही नवऱ्याकडची जबाबदारी. मुलीच्या बापाने शेकडो पाने वाढावीत अशी सूचना या परंपरेत कुठेही नाही. हजरत अलींनी आपले चिलखत विकून मेहरची रक्कम उभी केली, असे सीरतच्या ग्रंथांत सांगितले जाते. खर्चाचा ओघ नवऱ्याकडून नवरीकडे होता. आपल्या मुलखात तो उलटा कधी फिरला, हा इतिहासाचा प्रश्न आहे.

दख्खनच्या मांडवात

इस्लाम दख्खनमध्ये आला तो इथल्या माणसांच्या घरात आला. त्या घरांत हळद होती, बांगड्या होत्या, जाते होते, जात्यावरची गाणी होती. ती टाकून कोणी मुसलमान झाले नाही. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' या नावाची गीते आहेत, तशी 'शादीनामा' आणि 'सुहागननामा' ही गीतेही आहेत. सतराव्या-अठराव्या शतकांतल्या या रचनांचा अभ्यास रिचर्ड ईटन यांनी विजापूरच्या सूफींवरील आपल्या 1978 च्या ग्रंथात केला आहे. त्यांचे प्रतिपादन असे की, दळणकांडण करणाऱ्या बायकांच्या तोंडी ही गीते बसली आणि त्यांतून धर्माचा गाभा घराघरात पोहोचला. आमच्या अम्मींना विजापूरचे सूफी ठाऊक नाहीत. पण हळद दळताना त्या जे म्हणतात त्यात अल्ला, नबी आणि पीर एकापाठोपाठ येतात. पोथी न वाचता ते त्यांच्यापर्यंत आले ते जात्यावरूनच.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. एक लाखाहून अधिक ओव्यांचा तो संग्रह आता 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहालयाने सर्वांसाठी खुला केला आहे. आपल्या मुस्लिम बायांच्या ओव्याही त्यात आहेत. मराठी मुसलमानांची मातृभाषा कोणती, यावर पुरुषांनी कितीही वाद घातला तरी बायकांनी तो जात्यावर केव्हाच मिटवला होता.

लग्नाच्या विधींचे तपशीलवार वर्णन आपल्याला 'कानून-ए-इस्लाम' या ग्रंथात मिळते. जाफर शरीफ या दख्खनी गृहस्थांनी तो लिहिला आणि हर्क्लॉट्स नावाच्या शल्यवैद्याने त्याचे इंग्रजी भाषांतर 1832 साली लंडनमध्ये प्रसिद्ध केले. हळद, सांचक, मेहंदी, शबगश्तची रात्रीची मिरवणूक, आरशातला जलवा आणि लग्नानंतरच्या शुक्रवारांच्या जुमागी, हे सारे त्यात आहे. सांचक म्हणजे नवऱ्याकडून नवरीला जाणारे कपडे आणि मिठाई. आमच्याकडे आजही जुम्मागी केली जाते, हे वाचकांच्या लक्षात येईल. म्हणजे निदान दोनशे वर्षे हा साचा टिकलेला आहे. तो साचा साधा मात्र नव्हता. ज्यांच्याजवळ होते त्यांनी तेव्हाही मिरवले. जुन्या काळी सगळे साधे होते, असे म्हणून आपण आपलीच फसवणूक करू नये.

आडनावातली लग्ने

फरक कुठे होता, तर लग्न बाहेरून विकत आणले जात नव्हते. ते मुहल्ल्यातच तयार होत होते. आपली आडनावे आणि जमातींची नावे एकदा मांडवाच्या नजरेने वाचून पाहावीत. मणियार बांगड्या भरायचा. अत्तार सुगंध आणि सुरमा द्यायचा. बागवान फळे आणि भाजी पुरवायचा. तांबोळ्याकडून पान. मोमीन विणकराकडून कापड. पिंजारी, नदाफ रुखवतीच्या गाद्या भरायचा. कलईगर देगांना कलई करायचा. शिकलगार सुऱ्यांना धार लावायचा. मुलाणी बकरा हलाल करायचा, आणि तो केवळ मुसलमानांचाच नव्हे. बलुतेदारांच्या अनेक याद्यांत मुलाणी येतो तो याच कामासाठी, कारण मराठा कुणब्याच्या घरचा बकराही त्याच्याच हातून कापला जाई. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटिशांनी मुंबई इलाख्याची जी जिल्हा गॅझेटिअर्स छापली, त्यांत या जमातींची नोंद जिल्हावार सापडते. अधिकाऱ्यांनी त्यांना व्यवसाय म्हणून मोजले. एकत्र ठेवले तर ते एक अख्खे लग्न होते.

या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. ज्याच्या हाताला जे काम चिकटले ते पिढ्यान्पिढ्या चिकटले. बागवानाची मुलगी अत्ताराच्या घरी देताना आजही नाके मुरडली जातात. लग्नासाठी ज्यांचे हात चालत होते, त्यांना लग्नात एका पंगतीला बसवतोच असे नाही. इस्लामने जात मानली नाही आणि आम्ही ती मोडली नाही. घरच्या मांडवाची आठवण काढताना हेही आठवावे लागते.

काझी हवाच का?

आमच्या पुतणीच्या निकाहच्या आधी एक पेच पडला. आमच्या भागात निकाह लावून देण्याची जी फी सांगितली गेली, ती देण्यास नवऱ्यामुलाने नम्रपणे नकार दिला. त्याच्या चुलत्यांनी निकाह पढवावा असे त्याचे म्हणणे होते. ते शाळेत शिक्षक होते, आता निवृत्त आहेत. काही मंडळींनी विचारले, असा निकाह चालतो का?

चालतो, आणि कायद्यानेही चालतो. काझी हे जुन्या राजवटींत न्यायाचे पद होते. त्याला इनामे होती, वतने होती. इंग्रजी अमलात न्यायदान कोर्टांकडे गेले आणि काझीकडे निकाह लावणे तेवढे उरले. 1864 च्या 11 क्रमांकाच्या कायद्याने सरकारने काझी नेमणे बंद केले. मुसलमानांतून मागणी झाल्यावर 1880 साली काझी कायदा आला आणि जिथे लोकांची इच्छा असेल तिथे काझी नेमण्याची तरतूद झाली. पण त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात स्पष्ट केले आहे की, या नेमणुकीमुळे काझीला न्यायाचे वा प्रशासनाचे अधिकार मिळत नाहीत, त्याची हजेरी कोणत्याही निकाहला आवश्यक ठरत नाही आणि दुसऱ्या कोणाला त्याचे काम करण्यास बंदी होत नाही. सव्वाशेहून अधिक वर्षे हे कलम पुस्तकात आहे. आपल्यापैकी किती जणांनी ते वाचले आहे?

पुण्यात 25 डिसेंबर 1873 रोजी सत्यशोधक पद्धतीचे पहिले लग्न लागले, तेव्हा जोतीराव आणि सावित्रीबाईंपुढेही हाच प्रश्न होता. मध्यस्थाशिवाय लग्न लागते का? वधूवरांनी एकमेकांना वचने द्यायची, खर्च नाममात्र, भट नाही, असे ते लग्न होते. सावित्रीबाईंच्या सोबतीला शाळेच्या कामात फातिमा होती, हे सावित्रीबाईंच्या 1856 च्या पत्रावरून आपल्याला माहीत आहे. शेजारच्या घरात ज्यासाठी एवढा संघर्ष करावा लागला, ती मुभा आपल्याकडे मुळातच होती. ती आपण आपल्या हातांनी गुंडाळून ठेवली.

निकाह चुलत्यांनी पढवला. मेहरची रक्कम त्याच बैठकीत मुलीच्या हातात दिली. जमातीच्या रजिस्टरात नोंद केली, आणि महाराष्ट्राच्या 1998 च्या विवाह नोंदणी कायद्याप्रमाणे पुढच्या आठवड्यात सरकारी नोंदणीही केली. घरचा निकाह म्हणजे कागद नसलेला निकाह नव्हे, हे मुद्दाम नोंदवतो. कागद नसला की पुढे झळ बाईलाच लागते.

अंगणातून हॉलकडे

मग हे सारे गेले कसे? आमच्या लहानपणी, म्हणजे 1972 च्या दुष्काळाच्या आसपास, लग्ने दारातच होत. त्या वर्षी सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढणाऱ्या घरांनीही निकाह लावले. खजूर वाटले आणि मुलगी पाठवली. कोणी कोणाला नावे ठेवली नाहीत, कारण नावे ठेवायला कोणाकडेच जास्त नव्हते.

पुढे पैसा आला. 1973 नंतर तेलाचे भाव चढले आणि आखाताची दारे उघडली. कोकणातले आपले बांधव आधी जहाजांवर होते, आफ्रिकेत होते, तिथून आता आखाती देशांत जाऊ लागले. घाटावरूनही ड्रायव्हर, गवंडी, फिटर गेले. त्या कष्टाच्या पैशाने पक्की घरे झाली, मुली शिकल्या, हे मोठेच काम झाले. त्याच पैशाने लग्नाचे मापही बदलले. परदेशी राहणाऱ्या बापाला वर्षांची अनुपस्थिती एका दिवसात भरून काढायची असे. त्याची ती ओढ आम्ही समजू शकतो. पण त्याने वाढवलेले माप नंतर गावात राहणाऱ्या शिंप्यालाही लागू झाले.

1961 च्या हुंडाबंदी कायद्याने मेहरला हुंड्याच्या व्याख्येतून वगळले, ते योग्यच होते. पण आपण त्याचा अर्थ असा लावला की हुंडा हा आपला प्रश्नच नाही. रोख मागायची नाही; फक्त "जेवण चांगलं झालं पाहिजे" एवढे म्हणायचे. मुलीच्या बापाने त्या वाक्यातून हॉल, दोन तऱ्हेची बिर्याणी, आइस्क्रीम आणि नवऱ्याकडच्या चारशे माणसांचा खर्च समजून घ्यायचा. साडेसहा लाखांचे 2016 चे ते लग्न असेच झाले होते. कोणी काही मागितले नव्हते.

विरोध करणारेही होते. विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवींनी 'बहिश्ती जेवर'मध्ये लग्नातल्या रस्मांवर कडक टीका केली. हे पुस्तक आपल्याकडच्या अनेक घरांत मुलीला रुखवतीबरोबर दिले जाते. त्या टीकेचा एक परिणाम आम्हाला खटकतो. तिचा आधार घेऊन आमच्या भागात बायकांची गाणी बंद झाली, ढोलक गेली, हळद लाजत-लपत होऊ लागली. फुकटात होणाऱ्या गोष्टी बिदअत ठरल्या. लाखांनी होणारा हॉल मात्र कोणाला बिदअत वाटला नाही. थानवींनी तर उधळपट्टीलाही विरोध केला होता. आम्ही सोयीचे तेवढे घेतले.

आणि मग टाळेबंदी आली. 25 मार्च 2020 पासून देश बंद झाला. पुढे लग्नाला पन्नास माणसांची मुभा मिळाली. महाराष्ट्रात 22 एप्रिल 2021 पासून तर पंचवीस माणसे आणि दोन तास एवढ्यावर लग्न आले. नियम मोडल्यास पन्नास हजार दंड. त्या दीड-दोन वर्षांत आमच्या मुहल्ल्यात अकरा निकाह झाले, सगळे दारात. त्यातल्या एकाही जोडप्याचा निकाह कमी पक्का ठरला नाही. आजाराने माणसे नेली, घरे उद्ध्वस्त केली. त्या काळाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण एक गोष्ट सिद्ध झाली. लोक काय म्हणतील, या प्रश्नाचे उत्तर लोकांनीच दिले होते. लोक काहीही म्हणाले नाहीत.

बंदी उठल्यावर हॉल पुन्हा भरले. आमच्या पुतणीने मात्र ती अकरा लग्ने पाहून ठेवली होती.

दोन दिवस

शनिवारी पहाटे फुफी आणि खाला यांनी जाते मांडले. हळकुंडे आम्ही मिक्सरमधून काढा म्हणत होतो. अम्मींनी ऐकले नाही. गाणी म्हणायला सुरुवातीला तिघीच होत्या. शेजारच्या मराठा वस्तीतल्या दोघी आल्या आणि त्यांनी त्यांच्या ओव्या सुरू केल्या. चाल एकच निघाली. एका पुतण्याने फोनवर सगळे रेकॉर्ड केले. अम्मींचे वय ब्याऐंशी आहे. हे दहा वर्षांपूर्वीच करायला हवे होते.

नवऱ्यामुलाच्या मित्रांनी मांडव घातला. आमंत्रणे हाताने लिहिली होती. मुहल्ल्यातल्या प्रत्येक घरातून एकेक ताट आले, कुठे गुलगुले, कुठे मलीदा, कुठे पोह्यांचा चिवडा. हिशेबवहीत अशी सदतीस ताटे नोंदली आहेत. त्यांतल्या एकालाही पैसे द्यायचे नव्हते. पण त्या प्रत्येक घरच्या कार्यात आता आमच्याकडून एक ताट जायचे आहे.

निकाहनंतर नवरी उठली आणि तिने सरबताचे ग्लास फिरवायला घेतले. मांडवात कुजबुज झाली. एक बुजुर्ग नातेवाईक मोठ्याने म्हणाले की, नवरीने असे फिरणे आपल्यात शोभत नाही. तेव्हा निकाह पढवणाऱ्या चुलत्यांनी उभे राहून अबू उसैद यांच्या लग्नाची हकीकत सांगितली. त्या बुजुर्गांनी ग्लास घेतला. मात्र दुसऱ्या दिवशी ते वलीम्याला आले नाहीत. त्यांना आहेराची टोपी आणि शाल मिळाली नव्हती, हे त्याचे खरे कारण असल्याचे पुढे कळले. त्यांची समजूत अजून निघालेली नाही. पुतणीने दोनदा जाऊन पाया पडून पाहिले.

रविवारी खाना, मटण आणि दालचा. दोनशेहून जास्त माणसे आली आणि शेवटच्या पंगतीला दालच्यात पाणी वाढवावे लागले. ज्यांना पातळ दालचा मिळाला त्यांत आम्हीही होतो. दोन्ही घरचा मिळून खर्च एक लाख अठरा हजार झाला. त्यातले वलीम्याचे सत्तर हजार नवऱ्यामुलाने स्वतःच्या पगारातून साठवलेले होते. कर्ज शून्य.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा आम्ही तो भाभींना वाचून दाखवला. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "सगळं बरोबर आहे. फक्त घरचं लग्न, घरचं लग्न असं लिहिताय, ते घर कोणाच्या हातांनी चाललं तेही लिहा. आठ दिवस तांदूळ निवडत होतो. हॉलमध्ये निदान मी माझ्या लेकीच्या शेजारी बसले होते. या लग्नात कबूल म्हणताना मी चुलीपाशी होते. मला ऐकू आलं नाही."

यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. मदिनेचे दाखले, दख्खनचे ग्रंथ, 1880 चा कायदा, हे सगळे आम्ही शोधले. निकाहच्या वेळी मुलीची आई कुठे उभी आहे, हे मात्र आम्ही पाहिले नाही. कर्ज वाचले ते खरे, पण त्यातले काही भाभींच्या अंगावर गेले. घरच्या लग्नाचा आग्रह धरणाऱ्या प्रत्येक पुरुषाने ही गोष्ट आधी ध्यानात घ्यावी. हात सगळ्यांचे लागले तरच मांडव घरचा. नाहीतर तो बायकांच्या खांद्यावर उभारलेला फुकटचा हॉल होईल.

नवऱ्यामुलाच्या धाकट्या भावाचा निकाह यंदा ठरतो आहे, तोही दारातच. दोन्ही घरच्या पुरुषांची बैठक झाली. तांदूळ निवडणे, चूल आणि देग घासणे आमच्याकडे आले आहे. निकाहच्या वेळी कोणतीही बाई चुलीपाशी असणार नाही, असे ठरले. आम्ही स्वतः कांदा चिरण्याच्या यादीत आहोत.

वाचकांना एकच विनंती आहे. आपापल्या घरातल्या म्हाताऱ्या बायांना त्यांच्या लग्नाची हकीकत विचारा आणि लिहून काढा. खर्च किती, कोणी काय आणले, कोणती गाणी झाली, मेहर हातात मिळाली की नाही. आमच्या अम्मींना आम्ही विचारले. त्यांचा निकाह 1958 चा. मेहर एकशे सत्तावीस रुपये ठरली होती. मिळाली का, म्हटल्यावर त्या हसल्या आणि म्हणाल्या, "माफ करून घेतली ना तुझ्या अब्बांनी, पहिल्याच रात्री."

पुतणी शेजारीच बसून ऐकत होती. तिने आपली मेहर पोस्टात ठेवली आहे.